पाण्याने छापलेलं पाणी

त्र्यंबकचा एक जुना वाडा. ओसरी. श्रावण चालू आहे, पागोळ्या थांबत नाहीत.

चटईवर एक तसबीर आडवी ठेवली आहे. आज सकाळीच भिंतीवरून उतरवलेली. वाडा पाडायचा आहे, या जागेवर लॉज होणार आहे. माजघराच्या काळवंडलेल्या भिंतीवर तसबिरीएवढा एक चौकोन उजळ राहिला आहे.

तुम्ही ती विकत घ्यायला आला आहात. ते असू द्या.

बसा.

मांडी घाला. पाठ खांबाला टेकली तरी चालेल. खांब सागवानी आहे, पावसाने किंचित दमट झालेला.

श्वास आत घ्या. ओली माती, धूप, जुनं लाकूड. श्वास सोडा.

किती जुनी, अस्सल की नक्कल, केवढ्याला, हे प्रश्न जरा वेळ चपलांपाशी राहू द्या. कुणी उचलून नेणार नाही ते.

आता पाहा.

आधी फक्त काच पाहा. तिच्यावर धूळ आहे. काच जुनी आहे, सगळीकडे सारख्या जाडीची नाही. मान जराशी हलवली की तिच्यातलं आढं वाकतं आणि पुन्हा सरळ होतं.

मान हलवा. थांबवा.

आता काचेच्या आत जा.

वर आकाश आहे. आकाशातून गंगा उतरते आहे, स्त्रीरूपात. खाली शंकर पाय रोवून उभा, चेहरा वर केलेला. एका बाजूला भगीरथ हात जोडून. नंदीपाशी पार्वती.

गंगावतरण. राजा रवि वर्मांचं.

नजर भिरभिरेल. पार्वतीच्या वस्त्राकडे जाईल, नंदीच्या डोळ्याकडे जाईल. जाऊ द्या तिला. फिरून आली की हळूच एका जागी आणा.

गंगा आणि शंकराच्या जटा यांच्यामधली जागा.

थोडंसंच अंतर आहे. तिथे काही नाही, नुसतं आकाश.

पाणी निघालं आहे. पोचलेलं नाही.

इथे थांबा.

श्वास आत येतो आणि बाहेर जायला निघतो, त्यांच्या मधेही अशी एक जागा असते. ती मोठी करायला जाऊ नका. ती असते, एवढंच पाहा.

पुन्हा एकदा.

पागोळ्या ऐका.

शेजारी आणखी एक तसबीर उपडी ठेवलेली आहे. बहुधा पुण्याच्या चित्रशाळेची. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी काढलेल्या त्या छापखान्याची रामपंचायतनं महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांत पोचली. तिकडे हात जाईल. जाऊ देऊ नका. एका वेळी एकच.

या घरच्या काकू येतात, तसबीर उलटी करतात. गंजलेले चुके पकडीने उपटतात. मागची फळी निघते, फळीखालचं जुनं वर्तमानपत्र निघतं, आणि कागद मोकळा होतो.

कागदाला हात लावण्याआधी हात पुसा. तळवे कोरडे आहेत का, पाहा. मग दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन, उचला.

त्याचं वजन जाणवू द्या.

कड पाहा. कसर लागली आहे, एका कोपऱ्यात नक्षी कुरतडल्यासारखी झाली आहे. वरच्या बाजूला तपकिरी ठिपके आहेत. ती ओल आहे, इतक्या पावसाळ्यांची. बाजारात हे ठिपके दिसले की भाव उतरतो. आत्ता ते फक्त ठिपके आहेत.

कागद तिरका धरा. उजेड कडेने येऊ द्या.

पृष्ठभागावर बारीक विणीचा उठाव दिसतो. चित्र तैलचित्रासारखं दिसावं म्हणून छापून झाल्यावर कापडाचा हा पोत दाबून उठवलेला असतो, वरून वार्निश दिलेलं असतं. आता ते वार्निश पिवळं पडलं आहे. आकाशही त्याबरोबर पिवळसर झालं आहे. संध्याकाळ झाली आहे म्हणा.

खालची पट्टी वाचा. बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

या एका ओळीत बरंच काही आहे. छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. १८९९ साली तो लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांजवळ गेला. म्हणजे हा कागद त्यानंतरचा. पुढे छापखाना फ्रित्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, तरी नाव तेच राहिलं. १९७२ साली तिथे मोठी आग लागली.

एवढं पुरे. आकडे खाली ठेवा.

भिंग घ्या.

डोळ्याजवळ आणा, मग कागदाजवळ वाका. हलका श्वास घ्या, कागदावर वाफ जाऊ देऊ नका.

त्याच जागी या. गंगा आणि जटा यांच्या मधे.

आकाश उरत नाही. ठिपके दिसतात.

निळे. राखाडी. मधेच एक गुलाबी. लहान-मोठे, वेडेवाकडे, कुठे दाट, कुठे विरळ. यांतला कुठलाही ठिपका दुसऱ्यासारखा नाही. कुणीतरी मान खाली घालून, दिवसचे दिवस, हे ठिपके दगडावर ठेवले आहेत. त्या माणसांची नावं पट्टीत नाहीत.

आजकाल याच चित्रांच्या ऑफसेटवर काढलेल्या नकला जुन्या फ्रेमांत घालून विकायला येतात. भिंगाखाली त्यांचे ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे दिसतात, ओळीत आणि सारख्या अंतरावर. एकदा हा फरक डोळ्यांना कळला की विसरत नाही. चोरबाजारातही नाही.

हे ठिपके मात्र कवायत करत नाहीत.

त्यांच्याबरोबर राहा.

आता डोळे मिटा. ज्या दगडावरून हे चित्र छापलं, तो दगड समोर आणा.

हा त्र्यंबकचा दगड नव्हे. त्र्यंबकचा दगड काळा आहे, लाव्हाचा. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली बांधायला घेतलेलं आणि १७८६ साली पुरं झालेलं देऊळ त्याच काळ्या पाषाणाचं आहे. शिळाछापाचा दगड फिकट असतो, पिवळसर किंवा करडा. तो जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात झोल्नहोफेन नावाच्या गावाजवळ निघतो. चुनखडीचा दगड. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी एका उथळ, शांत पाण्याच्या तळाशी गाळ बसत गेला, त्याचा झालेला.

इतका बारीक गाळ की १८६१ साली त्यात एका प्राचीन पक्ष्याच्या पिसाचा ठसा सापडला, पिसाच्या तंतूंसकट.

जो दगड पीस सांभाळतो तो ठिपकाही सांभाळतो.

दगड सपाट आहे. वाळू आणि पाणी घालून घासला जातो. ऐका. घर्र, घर्र. हात गोल फिरतो आहे.

दगड वाळतो. त्याच्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र निघतं, उलटं. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. मग गोंद आणि थोडं आम्ल.

मग पाणी.

ओला स्पंज दगडावरून फिरतो. जिथे चित्र नाही, तिथे दगड पाणी पितो. जिथे तेलकट रेघ आहे, तिथून पाणी बाजूला होतं. आता शाईचा रूळ येतो. शाई तेलाला धरते, पाण्याला शिवत नाही. कागद पडतो, दाब पडतो, कागद उचलला जातो.

१७९६ साली म्युनिकमध्ये आलोइस झेनेफेल्डरला हे सापडलं. कोरायचं काही नाही, खोदायचं काही नाही. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळं चालतं.

दर छापेला पुन्हा पाणी. स्पंज, रूळ, कागद. स्पंज, रूळ, कागद.

एका रंगाला एक दगड. पिवळ्याचा वेगळा, गुलाबीचा वेगळा, निळ्याचा वेगळा. चांगल्या चित्राला दहा-बारा दगड सहज लागतात. साधारणपणे फिकट रंग आधी, गडद शेवटी. एक रंग वाळला की कागद पुढच्या दगडाखाली जातो, नेमका त्याच जागी. पावसाळी हवेत कागद फुगतो, कणभर सरकतो. मग एखाद्या ओठाचा लाल ओठाबाहेर येतो.

डोळे उघडा.

पुन्हा भिंग. पार्वतीचे ओठ पाहा. भगीरथाची बोटं पाहा. कुठे रंग रेघेबाहेर आला आहे का?

आला असेल तर तिथे पाऊस होता, असं समजायला माझी हरकत नाही.

आता भिंग बाजूला ठेवा. संपूर्ण चित्र एका नजरेत घ्या.

गंगा उतरते आहे. आणि तिला कागदावर आणायला पाणीच लागलं आहे. जिथे जिथे दगडाने पाणी धरलं, तिथे तिथे तो रंग आला नाही. तिच्याभोवतीचा उजेड पाण्याने राखून ठेवलेला आहे.

हे मनात बोलू नका. नुसतं पाहत राहा.

श्वास आत. श्वास बाहेर.

ओसरीच्या पुढे, पावसापलीकडे, ब्रह्मगिरी आहे. आज ढगात आहे, दिसत नाही. त्याच्याकडे तोंड करून बसा.

गावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. गौतम ऋषींसाठी शंकराने तिथे जटा आपटल्या आणि गोदावरी निघाली. वर डोंगरावर ती जागा दाखवतात. तिथे ती दिसते, मग लपते. गंगाद्वारला पुन्हा दिसते, पुन्हा लपते. खाली कुशावर्तात गौतमांनी तिला कुशांनी अडवली, तेव्हा कुठे ती थांबली. देवळात पिंडीच्या खळग्यातही पाणी झिरपतच असतं.

इथले लोक गोदावरी म्हणत नाहीत. गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येतो, असं म्हणतात.

म्हणजे समोरची तसबीर इथल्या माणसाला हिमालयातली वाटतच नसणार. ती मागच्या डोंगरावरची आहे.

भगीरथ कुणाच्या लक्षात राहतो, कुणाच्या नाही.

याच गावात ३० एप्रिल १८७० रोजी एका शास्त्र्यांच्या घरी मुलगा जन्मतो. धुंडिराज गोविंद फाळके. त्याच्याकडे थोडा वेळ पाहू या, कारण तो या कागदाच्या फार जवळून जातो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात तो शिकतो. छायाचित्रं काढतो. लोणावळ्याला स्वतःचं छपाईचं काम सुरू करतो, आणि ते काम मुख्यतः रवि वर्मा प्रेससाठी असतं, छायाचित्रावरून दगडावर प्रतिमा उतरवण्याचं. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला तो जर्मनीला जातो. दगडांच्या देशाला.

मग १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

१९३७ साली दादासाहेब फाळके शेवटचा चित्रपट करतात, त्यांचा एकुलता एक बोलपट. त्याचं नाव ‘गंगावतरण’.

जरा थांबा इथे.

त्र्यंबकचा मुलगा. आयुष्यभर प्रतिमा. शेवटी हीच गोष्ट.

पडद्यावर गंगेला खाली यावंच लागतं. चित्रपट थांबून कसं चालेल? कागदावर ती येत नाही. ती येण्याच्या आधीची घटका कागदावर आहे आणि ती संपत नाही. मला स्वतःला कागदावरचीच जास्त आवडते, पण हा माझ्या वयाचा दोष असेल.

पुन्हा त्या जागेकडे या.

थोडंसं आकाश.

इथे राहा.

काकू आतून कापडात गुंडाळलेलं आणखी काही आणतात. सासरे पाटबंधारे खात्यात होते, त्यांचा नकाशा. भारतीय सर्वेक्षण खात्याचा, एका इंचाला एक मैल. घडीवर कापड लावून चिकटवलेला. क्रमांक ४७ ई/९.

चटईवर पसरा. चारही कोपऱ्यांवर काही ठेवा. वाटी, भिंग, चष्म्याचं घर, तुमचा हात.

त्र्यंबक शोधा. मधे शोधू नका. डाव्या कडेकडे जा.

तिथे आहे. ब्रह्मगिरी त्याहूनही कडेला.

तपकिरी रेघा पाहा. समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या रेघा माळावर ऐसपैस असतात. इथे त्या एकमेकींवर चढल्या आहेत. इतक्या दाट की तपकिरी पट्टाच झाला आहे. तो कडा आहे. बोट त्याच्यावर ठेवा, दाबू नका. बोटाखाली कागद सपाट आहे आणि डोळ्यांना मात्र खोल वाटतं.

आता पाणी शोधा. या नकाशांत बारमाही पाणी निळं असतं, आटणारे ओढे काळ्या रेघांचे. एक बारीक रेघ धरा आणि तिच्याबरोबर उजवीकडे चला.

हळू. पाण्याच्या वेगाने.

रेघेला दुसरी रेघ मिळते. पुढे आणखी एक. नाशिक या कागदावर येत नाही, कागद आधी संपतो. नदी कागदाच्या बाहेर गेली. ती १,४६५ किलोमीटर जाणार आहे, बंगालच्या उपसागरापर्यंत. अरबी समुद्र इथून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे, पण तिने त्याच्याकडे पाठ केली आहे. याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र सरळ त्याला जाऊन मिळते.

आत्ता जो पाऊस पडतो आहे तो कुठल्या उतारावर पडतो, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो.

एक थेंब ऐका. पागोळीचा. कुठे निघाला असेल?

नकाशा घडीवर घडी घालून मिटा. आहेत त्याच घड्या, नवी पाडू नका. कागद घडीवरच फाटतो.

तसबिरीकडे परत या.

एक गोष्ट अजून पाहिलेली नाही. काढून ठेवलेली काच हातात घ्या, पुसू नका. शंकराच्या कपाळाच्या जागी गंधाचा वाळलेला थर आहे. पार्वतीच्या जागी कुंकू. वर्षानुवर्षं, त्याच दोन ठिकाणी, एकाच बोटाने लावलेलं. काचेच्या कडेने थोडं कुंकू कागदावरही उतरलं आहे.

संग्राहक याला डाग म्हणतात. काकूंच्या घरी याला पूजा म्हणतात. तुम्ही काहीच म्हणू नका. त्या लाल ठिपक्यावर भिंग धरा. छापलेला लाल आणि लावलेला लाल शेजारी शेजारी आहेत. छापलेला सपाट आहे, लावलेल्याला दाणा आहे.

बोट कुणाचं असेल? काकूंचं. त्यांच्या सासूबाईंचं. त्याआधीचं.

पाहा.

अशा तसबिरी जुन्या झाल्या, काच तडकली, की घरात ठेवत नाहीत. कुणी पिंपळाखाली नेऊन ठेवतं. कुणी वाहत्या पाण्यात सोडतं. आपल्याकडे देवाच्या चित्राचा शेवट असाच होत आला आहे, आणि म्हणून जुनी चित्रं इतकी कमी उरली आहेत. कसर आणि वाळवीने थोडी नेली, नदीने फार नेली. त्यात वाईट काही नाही. पाण्यातून आलेलं पाण्यात जातं.

तुम्ही मधे आला आहात. विकत घेणारा माणूस म्हणजे पाण्याच्या वाटेत उभा राहिलेला माणूस.

हे बरं की वाईट, ठरवायला बसू नका. उभे आहात, एवढं जाणवू द्या. पाय जमिनीला टेकलेले आहेत. शेणाने सारवलेली गार जमीन.

श्वास आत. श्वास बाहेर.

चहा येतो. कपबशी कागदापासून लांब ठेवा.

काकू समोर बसतात. तसबिरीकडे पाहत नाहीत, तुमच्याकडे पाहतात.

“नेणार असाल तर लावणार कुठे?” त्या विचारतात. “कुणी नाही नेली तर मी सोमवारी गंगेत सोडेन म्हणते.”

लगेच बोलू नका. तुमचं घर डोळ्यांसमोर आणा. एकेका भिंतीपाशी जा. ही न्हाणीघराला लागून आहे, हिच्यात ओल येते. हिच्यावर दुपारभर ऊन असतं, आणि उन्हात सगळ्यांत आधी गुलाबी जातो, मग गंगेचा चेहरा. ही कोरडी आहे, सावलीत आहे, पण तिच्यासमोर कुणी बसत नाही.

चांगले संग्राहक असे कागद आम्लविरहित कागदात गुंडाळून सपाट खणात, अंधारात ठेवतात. ते बरोबरच आहे. काकूंना तेही सांगून पाहा. त्या म्हणतील, मग बघणार कोण?

त्यांना भिंत सांगा. खोलीचं नाव सांगा, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते सांगा. त्या आणखी विचारतील. घरात कोण कोण असतं, दिवा कोण लावतं. विचारू द्या.